रुपये आधी की पाचशे आधी?

सोसायटीच्या मीटिंगला मी अर्धा तास उशिरा पोचलो, तोवर मला एकमताने खजिनदार करून मंडळी चहा प्यायला उठलेली. म्हणजे गणपतीची वर्गणी, पावत्या, हिशोब सगळं माझ्या गळ्यात. पैशाचा घोळ अजून तरी झालेला नाही, झाला तो रुपयाच्या जागेचा.

पावतीपुस्तक छापायला टाकताना मी आपलं डोकं चालवलं. आपण बोलतो काय, "पाचशे एक रुपये". आधी पाचशे एक, मग रुपये, मग छापताना ₹ आधी कशाला? आणि भाची जर्मनीत असते, तिने पाठवलेल्या फोटोत सगळीकडे ५ €, १० €, चिन्ह मागेच. म्हणून मी पण रकमेसाठी आधी मोकळी जागा आणि तिच्यामागे ₹ असं छापून घेतलं, दोनशे पावत्या.

तळमजल्यावरचे आजोबा, रिटायर्ड बँकवाले, पावती चष्म्याजवळ नेऊन म्हणाले, "अहो खजिनदार, आकड्याच्या पुढे एवढी जागा? कुणी एक घातला तर १५०१ झाले की!" मग त्यांनी समजावलं की पुढे ₹ चिकटून बसवायचा म्हणजे डावीकडून कुणी घुसत नाही, मागे /- म्हणजे शून्य वाढवता येत नाही, आणि अक्षरी रकमेशेवटी 'फक्त', म्हणजे शब्दांनापण कडी. थोडक्यात माझ्या ५०१ला झेड सिक्युरिटी. आणि ते पुढे म्हणाले ते तर मला फारच पटलं, की वाण्याची यादी आपण "साखर दोन किलो" अशीच लिहितो ना, आणि दुकानात गेल्यावर "दोन किलो साखर द्या" म्हणतो, कारण कागदावर आधी काय ते लागतं आणि मग किती. तोंडी मात्र पाच आंबे, पाच माणसं, पाच रुपये, संख्या आधीच. दोनशे पावत्या रद्दीत गेल्या, नव्या छापल्या, खर्च कुणाचा ते विचारू नका.

रात्री भाचीला व्हिडिओ कॉल लावून तक्रार केली तर ती हसतच सुटली. "मामा, अरे आयर्लंडमधे पण युरोच आहे पण तिथे इंग्रजी, म्हणून €५, पुढे! नोट तीच, भाषा बदलली की चिन्ह उडी मारतं." पोर्तुगालमधे तर युरोच्या आधी एस्कुदो होते ते २$५० असं लिहायचे म्हणे, चिन्ह थेट मधे, अडीच एस्कुदो. १९६१च्या आधी थोडी वर्षं गोव्यातपण एस्कुदोच चालायचे.

मग तिने घरभाड्याचा कागद दाखवला, १.२५० €. मी म्हटलं सव्वा युरो? मग मलापण एक खोली बघून ठेव! तर तिकडे टिंब हजाराला आणि स्वल्पविराम दशांशाला. साडेबाराशे युरो होते ते, मी खोलीचा विषय लगेच बंद केला. वर म्हणते जर्मन आकडे तिला सोपे गेले, कारण ते पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, आपल्यासारखंच, आधी पाच. आणि लिहिताना आधी २! म्हणजे आपले तोंड आणि हात रुपयाच्या आधीपासूनच भांडतायत, आणि आपण पहिलीपासून ते गुपचूप सहन करतोय.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी माइक माझ्या हातात. आजोबा समोरच खुर्चीत, त्यामुळे मी जाम घाबरलेलो, म्हटलं आता स्वतःचं डोकं चालवायचं नाही, पावतीवर जसं आहे तसं वाचायचं. तसंही माइकवर "पाचशे एक रुपये" कुणी म्हणत नाही, तिथे "रुपये पाचशे एक" असंच लागतं, शब्द उलटा केला की त्याच पैशाला फेटा बांधल्यासारखं वाटतं. म्हणून मी छान आवाज लावून म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून मंडळास रुपये पाचशे एक फक्त!"

टाळ्या झाल्या आणि काकू उठून उभ्या राहिल्या.

"फक्त म्हणजे काय हो, भाऊ?"