मुंबईचा समुद्र ‘मेलेला’ आहे म्हणणाऱ्यांना

कोस्टल रोड, नवीन जेट्टी किंवा कुठल्याही भरावाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: मुंबईचा समुद्र केव्हाच मेलाय. अख्ख्या शहराचं गटार त्यात जातं, पाणी काळपट-तपकिरी आहे, प्लास्टिकशिवाय त्यात काही नाही. प्रवाळ वगैरे लक्षद्वीप-अंदमानला. इथे थोडंफार काही असलंच तर उचलून दुसरीकडे नेता येतं. कोळी तर आता खोल समुद्रातच जातात. मग किनाऱ्यावर भराव टाकला तर बिघडलं कुठे?

यातला सांडपाण्याचा मुद्दा खरा आहे आणि तो आधीच मान्य करतो. वरळी आणि वांद्र्याच्या वाहिन्या शहराचं मैलापाणी किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडतात, आणि तिथे पोहोचण्याआधी त्यावर वर्षानुवर्षं जुजबीच प्रक्रिया होत आली. मिठी नदी माहीमच्या खाडीत काय आणून ओतते ते तिथल्या पुलावरून जाताना नाकाला कळतं. खाडीच्या आतल्या अशा कोंडलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि नाजूक जीव टिकत नाहीत. याची चीड यायलाच हवी. पण या एका खऱ्या गोष्टीच्या खांद्यावर बाकीच्या चुकीच्या गोष्टी बसवल्या जातात.

पाण्याचा रंग बघा. मुंबईचं पाणी तपकिरी दिसतं ते मुख्यतः गाळामुळे. इथला समुद्र उथळ आहे, ठाणे, मालाड, गोराई अशा खाड्या त्यात उघडतात आणि भरती-ओहोटीचा फरक उधाणाच्या दिवसांत साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं तेव्हा तळाचा गाळ ढवळला जाणारच. शहर नव्हतं तेव्हाही इथलं पाणी मालदीवसारखं निळंशार नव्हतं. उलट नितळ निळ्या पाण्यात पोषक द्रव्यं बहुतेक वेळा कमी असतात. बोंबील, मांदेली, जवळा हे आपल्या ताटातले जीव याच गढूळ, पोषक पाण्यातले. रंगावरून समुद्राचं आरोग्य ठरवायचं तर सगळा उत्तर कोकण आजारी म्हणावा लागेल.

‘काही नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी किनारा भरतीलाच पाहिलेला असतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती दुपारच्या सुमारास येते आणि मोठी ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तेव्हा हाजीअलीच्या, वरळीच्या, कार्टर रोडच्या खडकांवर उतरा. खडकावर हिरवट-तपकिरी, रबरासारखा लागणारा थर दिसेल. ते झोअँथिड आहेत, प्रवाळांचे नातेवाईक. उघड्यावर पडले की ते मिटून बटणाएवढ्या गाठी होतात, आणि पाणी चढलं की त्याच गाठी उघडून कडेने बारीक शुंडकं बाहेर काढतात. शेजारच्या डबक्यात साधूखेकडे दुसऱ्याच्या शंखात बसून फिरत असतात. एखादा दगड हळूच उचलून पाहिला (आणि तसाच परत ठेवला) तर खाली स्पंज, चपटे खेकडे, कधी ठिसूळतारे (तारामाशाचे बारीक हातांचे नातेवाईक) सापडतात. रंगीत समुद्री गोगलगायी आहेत, ऑक्टोपस आहेत. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने शहराच्याच किनाऱ्यावरून शेकडो प्रजातींची नोंद केली आहे. त्यासाठी त्यांना बोटीने कुठे लांब जावं लागलं नाही.

‘इथे प्रवाळ नाहीत’ हे तर सरळसरळ खोटं आहे. इथे भिंतीसारखे प्रवाळखडक नाहीत, वसाहती आहेत. त्यातला एक ‘फॉल्स पिलो कोरल’. खडकाला चिकटलेला, साधारण तळव्याएवढा राखाडी-तपकिरी डाग. वाकून पाहिलं की त्यावर कोनाकोनाच्या खळग्यांची जाळी दिसते आणि त्यातला प्रत्येक खळगा एकेका जीवाचा असतो. गाळ, गढूळ पाणी, ओहोटीला उघडं पडणं हे सगळं सोसणारी ही जात आहे. तिच्यावरून पाय देऊन लोक पुढे जातात, कारण प्रवाळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचा रंगीबेरंगी समुद्र असतो. कायद्याला हा फरक मान्य नाही. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

म्हणूनच तर 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या 18 वसाहती परवानगी काढून हलवाव्या लागल्या. त्या हलवल्या हेच आता ‘नेता येतं की!’ याचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. हलल्या त्या फक्त अनुसूचीतल्या वसाहती. त्यांच्या आजूबाजूचे झोअँथिड, कालवं, स्पंज, डबकी, कपारी आणि त्या कपारींत अंडी घालणारे मासे हे या हिशेबात नव्हतेच. वसाहत छिन्नीने सोडवून दुसऱ्या खडकाला चिकटवता येते, पण उताराचा अख्खा किनारा कसा हलवणार? भरावाच्या काँक्रीटवरही जीव येतात, असं उत्तर मिळतं. येतात, बार्नेकल आणि कालवं येतात. पण उभ्या भिंतीवर आणि टेट्रापॉडच्या, म्हणजे चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांच्या ढिगावर पाणी साठून राहणारी उथळ डबकी तयार होत नाहीत, आणि भरती-ओहोटीच्या मधला जो रुंद पट्टा या जीवांचं घर असतो तो अरुंद होऊन जातो.

मासेमारीचा मुद्दा वरळी कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा. लहान होड्यांची मासेमारी किनाऱ्याजवळच चालते. शेवंड खडकाळ भागात मिळते, चिंबोऱ्या खडपांत आणि खाजणात. वरळीच्या मच्छीमारांनी कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून दोन खांबांमधलं अंतर वाढवा, ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आराखड्यात ते 60 मीटर होतं. त्यांना 160 मीटर हवं होतं. शेवटी एक खांब कमी करून ते 120 मीटर करायचं 2022 च्या डिसेंबरमध्ये मान्य झालं. किनाऱ्याजवळ मासेमारी उरलीच नसती तर एका खांबासाठी कुणी इतकं झगडलं असतं का?

आणि खोल समुद्रातली मासळी तरी किनाऱ्यापासून तुटलेली कुठे आहे? कोळंबीच्या बऱ्याच जाती समुद्रात अंडी घालतात, पिल्लं खाडीत आणि खारफुटीत येऊन वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. खाडीचं तोंड बुजवलं की त्याचा फटका पुढे बाहेरच्या जाळ्यालाही बसतो.

जाता जाता उलट्या बाजूच्या मजकुराबद्दलही. 2020 च्या टाळेबंदीत ‘माणूस घरात बसला आणि डॉल्फिन मुंबईत परत आले’ असं फिरलं होतं. डॉल्फिन गेलेच नव्हते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारी हंपबॅक डॉल्फिनची जात इथलीच आहे, कोळ्यांना ती नेहमी दिसते. ठाणे खाडीतल्या रोहितांचंही (फ्लेमिंगोंचंही) तसंच. त्यांच्यासाठी 2015 मध्ये अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पण लाखाच्या थव्याचा फोटो दाखवून पाणी स्वच्छ असल्याचं सांगू नका. ज्या शेवाळावर छोट्या जातीचे रोहित जगतात, ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावरही पोसलं जातं.

राहिला शेवटचा प्रश्न, मेलेल्यावर भराव टाकला तर काय? जानेवारी 2023 मध्ये मुंबईत सात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. सगळी मिळून दररोज 2,460 दशलक्ष लिटरच्या आसपास क्षमता आणि खर्च सुमारे 17,200 कोटी रुपये. म्हणजे या समुद्रात जाणारं पाणी साफ करायला आपल्याच करातून एवढा पैसा जातो आहे. 2018 च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तो किनारा काही वर्षं आधी कचऱ्याने भरलेला होता आणि 2015 पासून लोकांनी तो हातांनी उपसला होता. घाण कमी केली की जीवांना जागा होते. भराव टाकला की त्यांची जागाच जाते, मग पाणी कितीही शुद्ध करा.

पुढच्या वेळी हा मजकूर आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: ज्या पट्ट्यावर भराव टाकायचा आहे तिथली पाहणी मोठ्या ओहोटीला, पावसाळ्याआधी आणि नंतर, जीव ओळखणाऱ्या माणसांनी केली आहे का, आणि तिचा अहवाल कुठे वाचायला मिळेल?