‘एक पंप मारला असता’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, सांदवाडी म्हणजे घरामागची जागा आम्ही हातानं साफ केली, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘तणनाशकाचा एक पंप मारला असता तर दीड महिना वाचला असता. पण शहरातून परतलेल्यांना मातीत हात घातल्याचं भारी कौतुक.’ पुढे लिंबू चुकीच्या जागी लावलं, बिट्टी (पिवळी कण्हेर) का तोडली, पाल्यात साप येतील, हेही आहेच.

लिंबाचं तुमचं बरोबर. सखल जागी लावलं, काळ्या मातीत पाणी साचलं आणि मूळ कुजलं. उंचवटा करायला हवा होता. चूक माझीच.

पण ‘शहरातून परतलेल्यांना’ हे काय? सातवीत असल्यापासून मी आईसोबत निंदणाला जात होते. नागपुरात अकरा वर्षं नोकरी केली म्हणून मी या गावची राहिले नाही का? मत वेगळं असू द्या, पण इतकं खोचक बोलायला आपली ओळख तरी आहे का?

आता पंपाचं. सांदवाडी आठ वर्षं पडीक होती, गाजरगवत कमरेला लागत होतं. फवाऱ्यानं वरचं झाड जळतं, मातीतलं बी तसंच राहतं. म्हणून आम्ही नवं बी पडू नये यासाठी फुलोरा यायच्या आत, पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटलं. हातमोजे घालून, कारण त्यानं अंगावर चट्टे उठतात. दीड महिना लागला, लागू द्या.

परवा पाऊस उघडल्यावर धाकटी चमच्यानं तिथंच उकरत बसली होती. गांडूळ सापडलं, तिनं ते तळहातावर घेतलं, मला दाखवलं आणि तेच मातीचं बोट तोंडात घातलं. चार वर्षांची आहे ती. त्या मातीत मी फवारा मारू?

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत, एवढं मलाही कळतं. पण त्याच हंगामात माझा मोठा भाऊ कपाशीतून डोळे चोळत घरी आला आणि चार दिवस दवाखान्यात पडून होता. दिसत नाही, दिसत नाही म्हणत होता. तेव्हापासून आमच्या आवारात पंप येत नाही. तुम्ही कौतुक म्हणा नाहीतर आणखी काही.

बिट्टीची बी विषारी असते, थेट हृदयावर जाते, आणि पोरं त्याच बिट्ट्यांनी खेळतात. म्हणून तोडली. पाला घरापासून लांब, खताच्या खड्ड्यात आहे. हे लेखात लिहिलं होतं, भाऊ. वाचलं असतंत तर आज पुन्हा लिहावं लागलं नसतं.