'तुम दवा लिया?' : मराठी माणसाच्या हिंदीवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नोकरीनिमित्त हिंदी प्रदेशात जाणाऱ्या प्रौढ मराठी माणसाने हिंदी ही नवी भाषा समजून शिकावी, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे मला असे समजले : मराठी माणूस पाचवीपासून शाळेत हिंदी शिकतो, लहानपणापासून चित्रपट आणि गाणी ऐकतो, मुंबईत किंवा नागपुरात त्याचे हिंदीवाचून काही अडत नाही, तेव्हा हा खटाटोप अनावश्यक आहे. कवी गजानन माधव मुक्तिबोध आणि संपादक बाबूराव पराडकर यांच्यासारखी मराठी माणसे हिंदीत थोर ठरली, यावरून मराठी माणसाला हिंदी सहज येते हेच सिद्ध होते. व्याकरण सांगू लागले की मोठी माणसे बोलायचीच थांबतात. आणि आजच्या वातावरणात मराठी माणसाच्या हिंदीतल्या चुका काढणे म्हणजे हिंदीच्या सक्तीला बळ देणे होय.

सक्तीच्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि 29 जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. त्या काळात मी विरोध करणाऱ्यांच्याच बाजूने होतो आणि आजही आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे टाकणे आणि जबलपूरच्या रुग्णालयात स्वतःहून नोकरी स्वीकारलेल्या तिशीतल्या परिचारिकेला तिथली भाषा नीट बोलायला मदत करणे, या दोन गोष्टी मला एका पंक्तीला बसवता येत नाहीत. हिंदी ही राज्यघटनेच्या कलम 343 नुसार संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा दर्जा घटनेने तिला किंवा अन्य कोणत्याही भाषेला दिलेला नाही, हे मी माझ्या प्रौढांच्या हिंदी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. कर्तव्य म्हणून हिंदी शिका, असे मी कोणालाही म्हणत नाही. ज्याला ती हवी आहे त्याला ती चांगली यावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आता 'मराठी माणसाला हिंदी येतेच' या मुद्द्याकडे वळतो, कारण माझा खरा मतभेद तिथे आहे. हिंदी समजणे आणि हिंदी बोलणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत, आणि आपली पहिली बाजू इतकी भक्कम असते की दुसरी कच्ची आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्याला हिंदीसाठी सुमारे 44 आठवडे आणि 1100 तासांचे वर्ग लागतील असे धरते. त्या तासांपैकी बराच वेळ ज्या गोष्टींवर जातो, ती लिपी, तो शब्दसंग्रह, ती वाक्यातली पदांची मांडणी, हे सारे आपल्याकडे शिकण्याआधीच असते. उरते ते थोडे. पण त्या थोड्याची शिकवणी आपण कधीच लावत नाही, कारण 'येते' या समाधानापुढे आपण जात नाही. केंद्र सरकारच्या हिंदी शिक्षण योजनेने हे फार पूर्वी ओळखले आहे. तिथे प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ अशा पायऱ्या आहेत. मराठी मातृभाषेच्या कर्मचाऱ्याला प्रबोध करावे लागत नाही, त्याला थेट प्रवीणपासून सुरुवात करता येते, मात्र केवळ मातृभाषा मराठी आहे म्हणून अभ्यासक्रमातून पूर्ण सूट त्यालाही नाही. मला ही मांडणी न्याय्य वाटते.

ते उरलेले थोडे म्हणजे काय, हे एका वाक्यावरून सांगतो. 'तुम्ही औषध घेतलं का?' हे परिचारिकेच्या तोंडी दिवसभर असणारे वाक्य आहे. सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या मुली सुरुवातीला याचे हिंदी बहुधा 'तुम दवा लिया?' असे करतात. हवे असते 'आपने दवा ली?' तीन-चार शब्दांच्या या वाक्यात तीन ठिकाणी मराठी डोकावते, आणि तिन्ही ठिकाणी त्या मुलीने मराठीचा नियम अगदी काटेकोर पाळलेला असतो.

यातले पहिले ठिकाण सर्वांत महत्त्वाचे आहे. मराठीत तू, तुम्ही, आपण, आणि हिंदीत तू, तुम, आप. दोन्ही जिन्यांना पायऱ्या तीनच आहेत, पण त्यांची उंची सारखी नाही. मराठीत 'तुम्ही' म्हटले की आदर पुरेसा होतो. सासऱ्यांना, शिक्षकांना, अनोळखी वृद्धाला आपण 'तुम्ही'च म्हणतो, आणि 'आपण' हे संबोधन सभा-समारंभ, पत्रव्यवहार अशा औपचारिक प्रसंगांसाठी राखून ठेवतो. हिंदीत 'तुम' हे बरोबरीच्या, धाकट्या किंवा जवळच्या माणसासाठी आहे आणि अनोळखी वडीलधाऱ्यासाठी 'आप'शिवाय दुसरा पर्याय नाही. त्यामुळे मनात पूर्ण आदर ठेवून 'तुम बैठो' म्हणणाऱ्या मराठी मुलीबद्दल लखनौच्या आजोबांचे मत पहिल्या वाक्यालाच वाईट होते, आणि असे का झाले हे तिला कोणी सांगत नाही. उलट बाजूनेही असेच घडते. मराठीत आपण 'बाबा आले' म्हणतो आणि 'आई आली' म्हणतो, कारण आईशी आपले नाते एकेरीचे असते. ती सवय हिंदीत नेऊन समोरच्या गृहस्थाला 'आपकी माँ आई है क्या?' असे विचारले तर ते कानाला खटकते. तिथे 'आपकी माताजी आई हैं?' असेच विचारायला हवे. चित्रपट पाहून ही जाण येत नाही, कारण तिथे नायक आणि खलनायक एकमेकांना काय म्हणतात एवढेच कळते, रुग्णाच्या नातेवाइकाला काय म्हणावे हे कळत नाही.

दुसरे ठिकाण 'ने' प्रत्ययाचे. मराठीत भूतकाळी 'त्याने औषध घेतले' म्हणताना 'ने' येतो, पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागत नाही. हिंदीत पुरुष कोणताही असो, 'मैंने', 'तुमने', 'आपने', 'उसने' असेच म्हणावे लागते. म्हणून आपण 'मैं खाना खाया' म्हणतो. बरे, हा नियम एकदा सांगितला की अडचण संपते असेही नाही. 'त्याने पुस्तक आणले' या धर्तीवर 'उसने किताब लाई' असे वाक्य तयार होते, परंतु लाना, भूलना, बोलना या क्रियापदांबरोबर हिंदीत 'ने' येत नाही आणि तिथे 'वह किताब लाया' हेच बरोबर ठरते. शिवाय मराठीतला 'ने' आणखीही कामे करतो. 'बसने गेलो' याचे हिंदीत 'बस से गया' होते आणि 'त्याने जायला हवे' याचे 'उसे जाना चाहिए' होते. हे गुंतागुंतीचे आहे, यात शंका नाही, पण ते मोजक्या वाक्यप्रकारांत बसते आणि प्रौढ माणसाला कारण समजले की ते लवकर आवाक्यात येते.

तिसरे ठिकाण लिंगाचे, आणि इथे मात्र कारण सांगून भागत नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपल्या नपुंसकलिंगी नामांना तिथे कुठे तरी जावे लागते, आणि कोण कुठे जाईल याचा भरवशाचा नियम मला तरी देता येत नाही. घर, पाणी, दूध, नाव ही पुल्लिंगात जातात, तर पुस्तक, नाक, दुकान, सरकार ही स्त्रीलिंगात. त्याहून फसवी असतात ती दोन्ही भाषांत दिसणारी पण लिंग बदलणारी नामे. आवाज, चहा, विजय, मृत्यू, आत्मा ही सर्व मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. 'पोलीस आले' याचे 'पुलिस आई' होते. याद्या पाठ करून हे जमलेले मी कोणाचेही पाहिलेले नाही. मी नाम एकटे शिकवतच नाही. 'ठंडी चाय', 'ऊँची आवाज़', 'नई किताब' असे विशेषणासकट तोंडात बसवून घेतो, म्हणजे लिंग आठवावे लागत नाही, ते आपोआप सोबत येते.

'मैं मेरे घर जा रहा हूँ' ऐवजी 'अपने घर', किंवा 'मैं', 'नहीं', 'हैं' यांतला नाकातला उच्चार, या गोष्टी मागील लेखात आल्याच आहेत. त्या पुन्हा उगाळत नाही.

मुक्तिबोध आणि पराडकर यांच्याबद्दल आपल्याइतकाच मलाही अभिमान आहे. परंतु पराडकरांचा जन्म 1883 मध्ये वाराणसीत आणि मुक्तिबोधांचा 1917 मध्ये श्योपूरला झाला. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशा परिसरात ही माणसे वाढली. तिसाव्या वर्षी साताऱ्याहून कानपूरला जाणाऱ्या बँक अधिकाऱ्यासाठी त्यांचे उदाहरण प्रेरणा देईल, पण त्यावरून त्याला हिंदी सहज येईल असा निष्कर्ष काढता येत नाही.

मुंबईच्या हिंदीविषयी आपण जे लिहिले आहे, त्यातल्या मोठ्या भागाशी मी सहमत आहे. 'मेरेको', 'तेरेको', 'अपन' ही रूपे मुंबईत सर्व भाषांची माणसे नियमाने वापरतात, आणि एखाद्या शहराने आपल्या व्यवहारासाठी घडवलेल्या बोलीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. हैदराबादच्या दख्खनीत 'मैं काम किया' हेच रूढ आहे, बिहारकडे 'हम किए' सर्रास ऐकू येते, आणि दिल्ली-पंजाबकडचा माणूस 'मैंने जाना है' म्हणतो, जे पुस्तकी नियमात बसत नाही. म्हणूनच 'ने' चुकला म्हणून माणूस अडाणी ठरत नाही, हे मी वारंवार सांगतो. प्रश्न एवढाच की आपल्याला राहायचे कुठे आहे. दादरच्या भाजीबाजारात 'तुम दवा लिया?' सहज खपते. भोपाळच्या रुग्णालयात, किंवा मुलाखतीच्या टेबलासमोर, तेच वाक्य बोलणाऱ्याचे शिक्षण, त्याचे कौशल्य आणि त्याचा विनय या सर्वांविषयी शंका निर्माण करते. ती शंका अन्यायाची आहे, पण ती घेतली जाते, आणि तिची किंमत आपल्या मुलींना मोजावी लागते. मला हे पाहवत नाही, म्हणून मी हा विषय लावून धरतो.

राहिला व्याकरणाने माणसे गप्प होतात हा आक्षेप. गप्प झालेली माणसे मीही पाहिली आहेत. परंतु त्यांना गप्प केले ते बहुतेक वेळा वाक्याच्या मध्येच तोडणाऱ्याने, किंवा हसणाऱ्याने. चाळिशीच्या माणसाला आपल्या कामात मान असतो, तो नव्या भाषेत एकदम लहान मुलासारखा बोलू लागतो, आणि तेवढ्यात कोणी हसले की तो इंग्रजीचा आसरा घेतो. म्हणून बोलणाऱ्याचे म्हणणे संपेपर्यंत वर्गात कोणीही त्याला दुरुस्त करीत नाही. एका आठवड्यात एकच गोष्ट दुरुस्त होते. ज्या आठवड्यात 'आप' घेतले असेल, त्या आठवड्यात लिंग चुकले तरी मी बोलत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या कामातला प्रसंग सांगतो. परिचारिका रात्रपाळीतला सांगते, बँकेतला माणूस खाते उघडण्याचा सांगतो. मग त्यातली चार वाक्ये फळ्यावर येतात, त्यांचे कारण मराठीतून समजावले जाते, आणि तोच प्रसंग तोच माणूस लगेच पुन्हा सांगतो. दुसऱ्या वेळी तो जास्त बोलतो, कारण काय सांगायचे हे त्याला ठाऊक असते आणि कसे सांगायचे याचा धागाही हाती आलेला असतो. कारण मराठीतून सांगणे मला आवश्यक वाटते. प्रौढ माणूस लहान मुलासारखा नुसता ऐकून भाषा उचलत नाही, पण त्याला तुलना करता येते, आणि मराठीचे व्याकरण त्याच्या अंगात मुरलेले असते. 'आपल्याकडे “तुम्ही”ला “ने” लागत नाही, तिकडे “आप”ला लागतो' एवढे सांगितले की परिचारिका स्वतःच म्हणते, 'मग सर, आपने खाना खाया, आपने पानी पिया, आपने दवा ली', आणि पुढची दहा वाक्ये मला न विचारता तयार करते.