चार झाडं आणि जेवणाचं टेबल

भाची न्यू जर्सीहून आली आणि माझ्यासाठी हजार तुकड्यांचं चित्रकोडं घेऊन आली. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८९१ सालचं 'चार झाडं', मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. खोक्यावरचं चित्र बघून मी म्हटलं, चारच तर झाडं! रविवारी उरकून टाकू.

त्या रविवारला तीन आठवडे झाले.

फ्रान्समधल्या एप्त नदीच्या काठचे हे पॉप्लर. शेंडे चित्राबाहेर, आणि खोडं जशीच्या तशी पाण्यात उतरलेली. हातातला काळपट पट्टा खोडाचा की प्रतिबिंबाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्यात चित्र जवळजवळ चौरस. वरची म्हणून चार दिवस जपलेली कड शेवटी उजवीकडची निघाली.

खरा छळ उजेडाचा. दुपारी निळे म्हणून निवडलेले तुकडे रात्री ट्यूबखाली चक्क हिरवे! मोनेचीही हीच रड होती म्हणे. तो नावेत बसून रंगवायचा, सोबत बरेच कॅनव्हास. एखादा प्रकाश जेमतेम सात मिनिटं टिकायचा, की हा काढ, तो लाव. माझ्याकडे नाव नाही, पण स्टीलच्या सहा थाळ्या आहेत. त्या तुकड्यांनी भरल्यामुळे घरचे सध्या वाडग्यात वरणभात खातात.

मोनेची चित्रं अर्धवट असतानाच लिमेट्झ गावाने ती झाडं लिलावात काढली. गड्याने लाकडाच्या व्यापाऱ्यालाच गाठलं, पदरचे पैसे मोजले आणि आपलं होईपर्यंत झाडं उभी ठेवून घेतली. आमच्याकडे बायकोने फर्मान काढलं, "शनिवारी मामा-मामी जेवायला आहेत, टेबल रिकामं कर." मी तिला ही गोष्ट ऐकवली.

"मग तूही मोज," ती म्हणाली.

टेबलाच्या बदल्यात माळा साफ करायचा, तोही एकट्याने, असं ठरलं. बारा वर्षांचा माळा. मोने स्वस्तात सुटला.

शनिवारी पंगत जमिनीवर बसली. मामांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून त्यांना टेबलाशीच खुर्ची दिली. चित्राकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "बांबू छान आलेत," आणि आमटीची वाटी नदीत ठेवली. थोडी सांडलीही म्हणे. मी भिंग घेऊन दोनदा शोधलं; कुठे सांडली ते अजून सापडलेलं नाही.