नाण्यांचा नाद पुन्हा लागलाय? अभिनंदन!

पोरगं पुण्याला शिकायला गेलं, घराचा हप्ता फिटला आणि शुगर बॉर्डरला आली की माणसानं जुना नाद पुन्हा धरावा. नाणी जमवायला पन्नाशीसारखं वय नाही. विशीत डोळे असतात, पैसे नसतात. आता पैसे आहेत, पण सालाचा शेवटचा आकडा एक आहे की सात, हे भिंग लावूनही नक्की सांगता येत नाही.

सुरुवात माळ्यावरून करा. तिथं तुमचा जुना अल्बम सापडेल. त्यात भोकाचे पैसे असतील, नवे पैसे असतील, कमळवाले पिवळे वीस पैसेही असतील. कोल्हापुरात आमच्या पेठेत त्यांच्यात सोनं असल्याची आवई होती. चांदीचं मात्र काही मिळणार नाही, कारण ते तुम्हीच मोटरसायकलच्या डाउन पेमेंटसाठी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडलं होतं. निदान मी तरी मोडलं होतं. ब्रिटिश अमलातले चांदीचे त्रेचाळीस रुपये, राणीछाप आणि राजाछाप. क्लासच्या फीला कात्री लावून, लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजारात उकिडवं बसून, सहा वर्षांत जमवलेले. सराफानं ते मोडीच्या भावानं घेतले. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, तसले दोन त्यानं नुसत्या आवाजावरून बाजूला टाकले. बाकीचे एका हातानं पारड्यात ओतले. एकाचंही तोंड पाहिलं नाही.

त्यात एक १९११ चा होता. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी टाकसाळीला हत्ती सुधारून काढावा लागला, तो रुपया. सराफाला हत्ती दिसला नाही आणि डुक्करही दिसलं नाही. त्याला दिसले ११.६६ ग्रॅम. मी शोरूममध्ये गाडीला पहिली किक मारली, त्याच सुमारास माझा पंचम जॉर्ज मुशीत उतरला असणार.

गाडी पाच वर्षांनी विकली. तीही मोडीच्याच भावानं.

तर आता तेच रुपये परत घ्या. एकदम घेऊ नका, मजा जाते. महिन्याला एक पुरे. त्यासाठी आता बाजारात उकिडवं बसावं लागत नाही, आणि गुडघे तरी कुठं बसू देतात? रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर लिलावात बोली लावा. तुमच्यावर चढ लावणाराही बहुधा तुमच्याच वयाचा, चष्मा कपाळावर ढकलून कुठल्या तरी गावात जागा असतो. दोघंही आपापल्या मोटरसायकलचं प्रायश्चित्त घेत असता.

लहानपणी तुम्ही नाणी चिंचेनं घासायचा. मी राखेनंही घासलीत. राणीच्या गालावरचा केस न् केस गेला, पण चकाकी अशी की बघत राहावं. आता विक्रेता सांगेल की काळवंडलेल्या, कधीच न घासलेल्या रुपयाला किंमत जास्त. ते काळं म्हणजे मळ नव्हे, पॅटिना. जास्तीचे पैसे मुकाट मोजा. असा रुपया सहज मिळत नाही, कारण बाकीचे तुमच्यामाझ्यासारख्या कार्ट्यांनी घासून ठेवलेत.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, घेताना अभ्यास अजिबात करू नका. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढं वाचता आलं की ऊर भरून येऊ द्या. विक्रेता म्हणेल, ‘साहेब, थेट महाराजांच्या काळातली.’ शिवराई पुढं पेशवाईत आणि त्यानंतरही निरनिराळ्या टाकसाळींत पाडली जात होती आणि मधे दोन रेघा असलेली दुदांडी तर फारच उशिराची, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी गिळून टाका. ढग नसले की पन्हाळा दिसतो अशा गावात उभं राहून असलं बोलत नसतात. बोलायचंच असेल तर आधी चहा संपवून घ्या.

कुणी विचारलंच, तर गुंतवणूक आहे म्हणून सांगा. गुंतवणूक कधीतरी विकायची असते आणि तुम्ही तर काही विकणार नाही, कारण एकदा विकून बसलाय. पण समोरच्याचं समाधान होतं. ‘इतिहासाची आवड’ असं मात्र सांगू नका. सांगायचंच तर आधी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये एक चक्कर मारा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं कायकाय तिथं काचेमागं आहे. पाच मिनिटांत कळतं की आपल्याला इतिहासाची आवड नाही. काचेमागचं नाणं अंगठ्यानं उडवून त्याचा आवाज ऐकता येत नाही.

मुलांनाही यात ओढावं म्हणतात. सुट्टीला आलेल्या पोराला मी नाण्यावरच्या सालाखालच्या टाकसाळीच्या खुणा दाखवल्या: चौकट दिसली तर मुंबई, तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं, मग पुढं?’

पुढं काही नाही.

राहिला प्रश्न घरी किंमत सांगण्याचा. एक शून्य गाळायचं, हा सर्वमान्य रिवाज आहे. फक्त सासुरवाडी हुपरीची नसावी. माझी आहे. त्या चांदीच्या गावात पोरी घुंगरं मोजत लहानाच्या मोठ्या होतात. परवा साडेसहा हजारांचा राणीछाप घरी आला. मी साडेसहाशे सांगितले. बायकोनं रुपया तळहातावर घेतला, हात जरासा वर-खाली केला.

‘साडेसहाशे?’

‘ओळखीतला माणूस आहे.’

‘अहो, मग त्याच भावात अजून पंचवीस आणा की. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटते. दरवर्षी काय ते प्लास्टिकचे डबे!’

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या. रुपया माझ्या हातात ठेवला आणि वहीपेन घेऊन बसली. कालपासून यादी चाललीय. सव्वीस झाल्यात.