किम डीलला पिक्सीजमधून कोणीही काढलेले नाही

“2013 मध्ये किम डीलला हाकलून दिले आणि पिक्सीज हा बँड तिथेच संपला, नंतरच्या बासवादक म्हणजे तिच्या नकला, आणि आता उरले आहे ते केवळ नाव,” असा पिक्सीज या अमेरिकी रॉक बँडबद्दलचा आणि त्याची पहिली बासवादक (बास गिटार वाजवणारी) व गायिका किम डील हिच्याबद्दलचा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवत आहे. तो वाचून माझ्या धाकट्या भावाने नंतरचे अल्बम ऐकायचेच नाहीत असे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

हाकलून दिल्याची गोष्ट साफ खोटी आहे. जून 2013 मध्ये मुख्य गायक ब्लॅक फ्रान्सिस, जोई सँटियागो आणि डेव्हिड लव्हरिंग या बँडच्या उरलेल्या तिघांनी आपल्या निवेदनात, सोडण्याचा निर्णय किमचा असल्याचे आणि तिची जागा तिच्यासाठी कायम राहील असे स्पष्ट म्हटले होते. काही महिन्यांतच दूर केले गेले ते तिच्या जागी आलेल्या किम शॅटकला, आणि तेही व्यवस्थापकाच्या फोनवरून. ती वागणूक वाईटच होती, एवढे मान्य करावे लागेल. पण दोन किमची सरमिसळ करून इतिहास लिहिता येत नाही.

नकलेचा आरोप तर निव्वळ अन्यायाचा आहे. पुढची दहा वर्षे बास वाजवणाऱ्या पाझ लेंचांटिनने ‘हेड कॅरिअर’ (2016) या अल्बमसाठी एक चाल रचली, तिच्यावर किम डीलला उद्देशून आभाराचे पत्र लिहावे असे फ्रान्सिसला सुचवले आणि ‘ऑल आय थिंक अबाऊट नाऊ’ हे ते गाणे स्वतः गायले. त्यातली गिटार ‘व्हेअर इज माय माइंड?’ या बँडच्या जुन्या गाण्याची आठवण करून देते हे खरे. पण ज्या गाण्यात पूर्वसुरीचे ऋण इतके उघडपणे मानले आहे, त्याला नक्कल म्हणणे म्हणजे ते न ऐकताच बोलणे होय.

“केवळ नाव” म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. फुटलेला बँड 2004 मध्ये पुन्हा एकत्र आला तेव्हापासून किम डील जाईपर्यंत बँडचे स्वतःचे नवे गाणे एकच आले, ‘बॅम थ्वॉक’, आणि तेही किमने लिहिलेले; ती गेल्यानंतर 2014 ते 2024 या काळात पाच अल्बम आले. त्यांपैकी ‘इंडी सिंडी’ मला विस्कळीत वाटतो आणि ‘जायगँटिक’ या जुन्या गाण्यातला किमचा आवाज कोणालाही भरून काढता आलेला नाही, हेही खरे.

राहिली किम. 1986 मध्ये बॉस्टनमध्ये जाहिरात वाचून आलेल्या या गिटारवादक मुलीने बहिणीचा बास घेऊन सुरुवात केली, पुढे ब्रीडर्स हा स्वतःचा बँड उभा केला आणि 2024 मध्ये एकटीच्या नावाचा अल्बमही काढला. तिला हाकललेली, बिचारी ठरवणारा हा मजकूर तिचाच सर्वाधिक अपमान करतो.