लिंगभाव शिकवा, पण बेताने

मराठीच्या तासाला निबंध शिकवणाऱ्या बंधुभगिनींनो, लिंगभाव समाज घडवतो हे मुलांना शिकवायचंय ना? जरूर शिकवा. प्रशिक्षण झालंय, गटकार्याचे फोटो ग्रुपवर पडलेत. आता वर्गात मात्र जपून. वीस वर्षांच्या अनुभवातून, खरं तर गेल्या गुरुवारच्या एकाच अनुभवातून, चार हिताच्या गोष्टी सांगते.

व्याख्येने सुरुवात करा. 'लिंग निसर्ग देतो, लिंगभाव समाज देतो.' दोनदा वाचून घ्या. 'बाई, परीक्षेला आहे का?' असं विचारतील. नाही म्हणा. विषय संपला.

हजेरी आधी मुलग्यांची, मग मुलींची. पटच तसा आहे, आपण काय करणार!

त्याच दिवशी व्याकरण घेऊ नका. लोटा मोठा, लोटी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. गाडा, गाडी. एखादी आगाऊ पोरगी विचारते, लहान ते स्त्रीलिंगी असं कोणी ठरवलं? आणि मास्तरीण म्हणजे शिकवणारी की मास्तरांची बायको? तुम्हाला नेमकं हेच शिकवायचं होतं, म्हणून तिला खाली बसवा.

'माझी आई' हा निबंध सोडू नका. आई पहाटे पाचला उठते, कधीच थकत नाही. चाळीस वह्या, आई एकच. त्यातल्या एकीची आई रिक्षा चालवते, पण वहीत तीही ओट्यापाशीच. 'माझे बाबा' मात्र फणसासारखे, बाहेरून काटेरी, आतून गोड. इतके फणस कोकणातसुद्धा धरत नसतील.

2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईसोबत बाबांनाही भाजी निवडायला बसवलं. चित्र छान होतं. चित्रापुरतंच ठेवा.

आणि मोकळा विषय चुकूनही देऊ नका. मी दिला. 'मला हाताने करायला आवडणारी गोष्ट.' एका मुलाने भाकरी लिहिली. पिठात गरम पाणी किती घालायचं, थापताना भाकरी कडेला चिरली तर ओलं बोट कसं फिरवायचं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. आणि ती टम्म फुगली की आजी नुसती हुं करते, तीच शाबासकी. अख्ख्या निबंधात एक सुविचार नाही, गाइडमधलं एक वाक्य नाही. दहापैकी नऊ दिले. वीस वर्षांत किती जणांना दिले असतील?

गुरुवारी वडील आले. वही टेबलावर आपटली. 'बाई, पोराला बायकी करताय तुम्ही.' या गृहस्थांची चौकात मिसळीची गाडी आहे हो! दिवसभर स्वतः कट बनवतात, कांदा चिरतात, भजी तळतात. गल्ल्यात पैसे पडले की तो धंदा, घरात परात ओढली की बायकी. समाजाने घडवलेलं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला प्रशिक्षणातही मिळालं नव्हतं. आणि आमचे साहेब! पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते प्रशिक्षणाला. तेव्हा चहाचे ट्रे कोण फिरवत होतं? आम्ही तिघी बायका. ते साहेब मला म्हणतात, 'मॅडम, मुलांना शोभतील असे विषय देत चला.'

पोराने ते पान फाडलं. नवीन निबंध क्रिकेटवर आहे. 'क्रिकेटमुळे सांघिक भावना वाढीस लागते.' आता काय मार्क देऊ?

अरे, लाजा वाटत नाहीत का? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 1882 साली पुस्तक लिहून विचारून गेल्या की सगळे दोष बाईच्याच माथी का मारता. त्यांना कुठलं प्रशिक्षण झालं होतं? आणि आपण प्रमाणपत्रं लॅमिनेट करून कपाटात ठेवतो, वर तेरा वर्षांच्या पोराला आजीपाशी बसून भाकरी थापल्याची शरम वाटायला लावतो. तुम्ही वाचणारेही हसू नका. तुमच्या घरी पोराने लाटणं उचललं की 'ठेव ते, अभ्यास कर' कोण म्हणतं? पोरीला म्हणता का असं कधी?

मीही त्यातलीच. साहेबांसमोर मी 'बरं सर' एवढंच म्हणाले आणि वही उचलून वर्गावर गेले.